पहिल्या खुर्चीचा चेलो

शुक्रवारपर्यंत एवढंच ठरवायचं होतं: दोन चेलोंपैकी कोणता ठेवायचा. एक बाबांचा, एक पानकाकांचा. सुरांची ओळ तीच, सभागृह तेच, आजूबाजूला वाजवणारी माणसं तीच. मधे फक्त एक दिवस गेलेला. त्या एका दिवसाच्या अलीकडे बाबा होते, पलीकडे नव्हते.

आणि ठरवायचं होतं मी. मुलगी म्हणून नव्हे. ते माझं कामच होतं म्हणून.

माझं काम शिवणकामासारखं आहे. वाद्यवृंद सभागृहात बसून एकच भाग पुन्हा पुन्हा वाजवतो, आणि प्रत्येक खेप रेकॉर्ड होते. मी त्यातले चांगले तुकडे निवडते आणि असे जोडते की सांधा कानाला लागू नये. त्याच्या मग भल्यामोठ्या फाइली होतात. लोक त्या डाउनलोड करतात आणि घरी पाच स्पीकर मांडून ऐकतात, तीन समोर आणि दोन पाठीमागे. समोरून वाद्यं येतात. पाठीमागून सभागृह येतं: भिंतीला शिवून परतलेला सूर, उंच छताखालची हवा. डोळे मिटले की आपली खोली विरून जाते. व्हायोलिनं डावीकडे, चेलो उजवीकडे, नगारे पार मागे. आणि रेकॉर्डिंग इतकं बारीक की नीट कान दिला तर कोण कुठल्या खुर्चीत बसलंय तेही कळतं.

या फाइली विकतो मालक. दोन खोल्यांची कंपनी, एका खोलीत तो आणि त्याचा फोन, दुसरीत मी आणि माझे स्पीकर.

"आपलं गिऱ्हाईक साधंसुधं नाही बाई," तो म्हणायचा. "गाडी विकून स्पीकर घेणारी माणसं ही. त्यांना खुर्ची कुरकुरलेली खपत नाही. नगारेवाल्यानं घसा खाकरला तर मला चार पत्रं येतात."

बाबा त्या वाद्यवृंदात चेलोच्या पहिल्या खुर्चीत बसायचे. शेजारच्या खुर्चीत पानकाका. दोघांमध्ये स्वरलिपीचा एकच स्टँड, आणि रिवाज असा की आतल्या बाजूला बसणाऱ्यानं पान उलटायचं. बाहेरच्याचा गज चालूच राहतो. आतला क्षणभर गज उचलतो, पान उलटतो, पुन्हा सुरात शिरतो. लहानपणी मी तालमीला जाऊन बसायचे तेव्हा मला वाटायचं, या काकांना पानं उलटायलाच ठेवलंय. म्हणून पानकाका. नाव चिकटलं ते चिकटलंच, वाद्यवृंदातही सगळे तेच म्हणायला लागले. दोघांना मिळून म्हणत बैलजोडी.

"जोडी खरी," बाबा म्हणायचे, "पण ओढतो मी एकटाच."

"ओढ ना," पानकाका म्हणायचे. "वळण आलं की सांगायला मी आहेच."

ही सिम्फनी घ्यायला सभागृह मोजक्या दिवसांसाठी मिळालं होतं. रेकॉर्डिंग काही क्रमानं होत नाही. शेवटचा भाग पहिल्या दिवशीच उरकला, सगळे ताजे असताना. दुसऱ्या दिवशी तिसरा भाग. त्यात चेलोचं एकट्याचं गाणं आहे. बाकीचे गज मांडीवर टेकवून बसतात, व्हायोलिनं नुसती श्वासासारखी मागे राहतात, आणि एक चेलो बोलतो. लाकडाच्या पोटातून निघतो, तारेच्या ओठावर थांबतो. वर वर चढत जातो आणि चढल्या जागी एकच सूर लांब धरतो, निरोप द्यायला आलेल्यानं दाराची चौकट धरावी तसा.

बाबांनी तो सूर धरला आणि शेवटी शेवटी तो हलला. फार नाही, पाण्यावरून वारा गेल्याइतका. सभागृहाच्या मागच्या खोलीत मी माझ्या स्पीकरसमोर बसले होते. सूर विरेपर्यंत कुणी हलायचं नाही असा नियम. सगळे गप्प. मग बाबांचा आवाज आला, त्यांच्या खुर्चीतून, चेलोच्या माइकवर वाकून:

"चिमणे, ही नको हं ठेवू. उद्या देतो."

वेळ संपत आली होती. सगळे उठले. उद्याचं काम उद्यावर टाकून वाद्यं पेट्यांत गेली. बाबा त्या रात्री झोपले ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. दोन-तीन दिवस आधीपासून हात थरथरत असणार, म्हणाले, तुमच्या लक्षात नाही आलं? आमच्या नव्हतं आलं. माझ्या माइकच्या आलं होतं.

त्यानंतरच्या दिवशी काम बंद. त्याच्या पुढचा दिवस सभागृहाचा शेवटचा होता. मी घरी आईजवळ होते. दुसऱ्या एका रेकॉर्डिंगवाल्यानं माझी जागा सांभाळली. पानकाकांनी ते गाणं वाजवलं, एकदाच. ते निर्दोष होतं. शेवटचा सूर असा सरळ, की त्यावर दिवा ठेवावा.

महिन्याभरानं ते दोन्ही तुकडे माझ्यापुढे होते, आणि मालकाला शुक्रवारी फाइली हव्या होत्या.

"चांगला तो घ्या," तो आधी म्हणाला. "त्यात विचारायचं काय?"

मी दुःखात असेन असं वाटून त्यानं दार हलकेच लोटून घेतलं. तासाभरानं तेच दार धाडकन उघडलं.

"बाई, तुमच्या वडिलांचा आहे ना एक? शेवटचा? त्यांचा शेवटचाच ना तो?"

"हो."

"मग तोच! साइटच्या पहिल्या पानावर त्यांचा फोटो. आयुष्यातला शेवटचा सूर. लोक रडतील हो. रडतील आणि डाउनलोड करतील."

"हात हललाय त्यात."

"हलला ना! तेच तर!" आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तो खाली बसला. "मी वाईट माणूस नाही. मलाही वडील होते. त्यांचा खोकला जरी कुठं मिळाला असता तरी मी पाच स्पीकरवर लावून बसलो असतो."

त्याच्यावर रागवायला मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी पानकाका आले. येताना कधी नव्हे ते दार वाजवून आले. उभेच राहिले.

"माझं काढून टाक," म्हणाले. "मी वाजवलं ते काम उरकायला. गाणं त्याचं होतं."

"काका, बाबा काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत ना? तुमच्या कानाशीच तर म्हणाले."

"ऐकलं. उद्या देतो म्हणाला." त्यांनी खिशातून रुमाल काढला, उगाच हात पुसले. "उद्या आलाच नाही गं त्याला. मग जे होतं तेच घ्यायला नको का? दुकान बंद झाल्यावर राहिलेला माल कुणी परत मागतं?"

"त्यांना आवडलं नव्हतं."

"त्याला कधी काय आवडलं होतं? माझं लग्न ठरलं तेव्हासुद्धा म्हणाला, घाई केलीस." ते हसले, आणि हसणं मधेच अडकलं. "वहिनींना ठाऊक आहे का तो काय म्हणाला ते?"

"नाही."

"मग सांगू नकोस. त्या वाट बघतायत. बाजारात भेटल्या तर म्हणाल्या, भावजी, ह्यांचा चेलो येणार आहे शुक्रवारी."

म्हणजे मालकाला बाबा हवे होते, पानकाकांना बाबा हवे होते, आईला तर हवेच होते. मला नको होते असं कोण म्हणेल? विरुद्ध फक्त एक माणूस होता आणि त्याचं म्हणणं फार थोडक्यात होतं: ही नको हं. मी रोज सकाळी येऊन दोन्ही तुकडे लावायचे. बाबांचा लावला की वाटे, हाच. संपला की ते चार शब्द यायच्या आत मी थांबवत असे. आवाज बंद केला म्हणून शब्द थोडाच बंद होतो. तो माझ्या बोटाखाली बसून राही.

गुरुवारी आई आली. तिनं ठेवणीतली निळी साडी नेसली होती, केस नीट बांधले होते, भेटीला आल्यासारखी. माझ्या खोलीत ती यापूर्वी कधी आली नव्हती. स्पीकरांकडे बघून म्हणाली, "हे मागचे दोन कशाला? मागे कोण वाजवतंय?"

"मागे सभागृह वाजतं."

"तुझ्या बाबांसारखंच बोलायला लागलीस. सरळ उत्तर नाही." मग पाचही स्पीकरांच्या मधल्या खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घेतली. "लाव."

मी आधी तिला चेलो येण्याआधीचा भाग ऐकवला, व्हायोलिनं उतरत जातात तो. तिनं डावीकडे बघितलं, मागे बघितलं. मग चेलो सुरू झाला आणि तिची मान उजवीकडे वळली, घरात कुणी हाक मारल्यावर वळते तशी. तिथं भिंत होती आणि आवाज शोषून घ्यायला भिंतीला लावलेला काळा कापूस. पण ती भिंतीकडे बघत नव्हती. भिंतीच्या अलीकडे, दोन हात उंचीवर, जिथं बसलेल्या माणसाचे खांदे असतात तिथं बघत होती.

गाणं चढत गेलं. आईच्या पर्सचा पट्टा तिच्या बोटांभोवती गुंडाळला गेला. शेवटचा सूर आला, लांबला, हलला.

"हात थरथरतोय ह्यांचा," ती हळूच म्हणाली.

मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, आणि मला वाटलं, ठरलं. हाच. बाबा, माफ करा. आणि बघता बघता माझं बोट बटणावर जायचं राहून गेलं.

सूर सभागृहात विरला. मागच्या दोन स्पीकरमधून तो जाताना ऐकू आला. मग इतक्या माणसांनी धरून ठेवलेला श्वास. आणि उजवीकडून, अगदी जवळून:

"चिमणे, ही नको हं ठेवू. उद्या देतो."

मी बटणाकडे झेपावले, पण आईनं हात वर केला. रेकॉर्डिंग पुढे चालत राहिलं. पानकाकांचा आवाज आला, शेजारून, कुजबुजता: "झकास होती की रे." आणि बाबा, गज खाली ठेवल्याचा टक्क आवाज करून: "झकास होती म्हणून ठेवायची? कशी हवी ते माझं मला ठाऊक आहे." कुणीतरी मागे हसलं. खुर्च्या सरकल्या. मग माझाच आवाज, मागच्या खोलीतून त्यांना सांगणारा, की आजचं झालं.

आईनं डोळे पुसले नाहीत.

"तुला ठाऊक होतं हे?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुझ्यासाठी हेच तर उरलंय आई. ते पण काढून घेऊ?"

तिनं उजवीकडच्या स्पीकरकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "परत लाव. गाणं नको. बोलले ते."

मी लावलं. तिनं पुन्हा मागितलं. मी पुन्हा लावलं. 'उद्या देतो' म्हणताना बाबांचा आवाज थोडा दमलेला होता. मला इतक्या वेळा ऐकूनही ते कळलं नव्हतं, आईला लगेच कळलं. "जेवले नव्हते त्या दिवशी नीट," ती म्हणाली.

"आयुष्यभर ह्यांचं एक ऐकलं नाही मी," ती शेवटी म्हणाली. "घर इथं घ्यायचं म्हणाले, तिथं घेतलं. तुझं नाव एक म्हणाले, दुसरं ठेवलं. भाजीत मीठ कमी म्हणाले की अजून कमी घालायचे. आणि हे काही रागावायचे नाहीत. गाण्याचं सोडून बाकी सगळं माझ्या हाती देऊन टाकलं होतं." तिनं पट्टा बोटांवरून सोडवला, बोटांवर लाल वळ उठले होते. "गाण्यात मी कधी बोलले नाही. आता बोलू? ते नाहीत म्हणून?"

"आई, कोणी चुकीचं म्हणणार नाही. पानकाकासुद्धा म्हणतात..."

"भावजी म्हणणारच. त्यांनी ह्यांच्यासाठी जन्मभर पानं उलटली." ती उठली. "नको म्हणालेत ना? मग नको. लोकांना भावजींचं दे. तुझ्या बाबांना लोकांसमोर तसं बसवू नकोस, न आवडलेल्या सुरात. आणि हे बोलणं मला देशील ना? तेवढंच. ते काही विकायचं नाही."

"देईन."

"मग झालं तर."

दाराशी जाऊन ती थांबली. भिंतीवर हात टेकला. तेव्हा कुठं ती रडली, खांदे हलवून, तोंडावर पदर धरून. मी तिला धरून उभी राहिले. माझ्या खोलीतून आवाज बाहेर जात नाही. तशीच बांधलेली असते ती.

ती गेल्यावर मी पानकाकांचा तुकडा जागेवर लावला. मागचा सांधा जुळला, पुढचा जुळला. मग पहिल्यापासून ऐकलं आणि काहीतरी खुपलं. सूर ठीक, लय ठीक. जागा चुकत होती. चेलोंचा घोळका जिथून वाजत होता तिथून त्या गाण्याची वाट सरकली होती. बाबा जिथून बोलायचे तिथून हातभर आत, हातभर मागे. साध्या दोन स्पीकरवर कुणाला कळलं नसतं. पाचांवर कळत होतं. पहिल्या खुर्चीतून येणारा सूर पहिल्या खुर्चीतून येत नव्हता.

मी पानकाकांना फोन केला.

"काका, त्या दिवशी तुम्ही पुढं सरकला नव्हतात?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"सगळे म्हणाले सरका. एकट्यानं वाजवायचं तर पहिल्या खुर्चीतूनच. गेलो पण होतो उठून. बसवेना गं. मग तशीच राहू दिली ती, आणि आपल्या जागेवरून वाजवलं. कळतंय का ते?"

"कळतंय."

"मग माझी चूकच झाली."

मी म्हटलं, नाही काका. पण मालकाला मी सांगायलाच हवं होतं, आईचं म्हणणंही आणि हेही. तो येऊन मधल्या खुर्चीत बसला, ऐकलं, आणि काही झालं तरी त्याचे कान चांगले आहेत.

"सरकलाय हा," तो म्हणाला. "पुढं ओढा थोडा. होतं ना तसं?"

होतं. जवळचा माइक थोडा वर घ्यायचा, इकडचा थोडा तिकडे टाकायचा. मी केलं. पानकाका अलगद उचलले गेले आणि बाबांच्या जागी जाऊन बसले. आता कुठं काही खुपत नव्हतं. मालकानं मान डोलावली. मी मात्र तोच तुकडा पुन्हा लावून ऐकला. ज्या माणसाला तिथं बसवेना, जो उठून गेला आणि परत आला, त्याला मी बोटाच्या एका हालचालीनं तिथं बसवलं होतं. त्याला न विचारता. आणि बाबांची खुर्ची भरून टाकली होती.

मी ते मागे घेतलं. पानकाका पुन्हा आपल्या जागी गेले.

"बाई?"

"राहू द्या असंच."

"पत्रं येतील. लिहितील, चूक आहे."

"लिहू द्या. उत्तर मी देईन."

"काय देणार?"

"की ती खुर्ची त्या दिवशी रिकामी होती."

त्यानं खुर्ची स्पीकरांसमोर नीट सरकवली. मग म्हणाला, "एकदा परत लावा." आणि ऐकून झाल्यावर आपल्या खोलीत गेला. जाताना दार त्यानं हलकेच ओढलं. फोटोचा विषय पुन्हा काढला नाही.

शुक्रवारी दुपारी फाइली जायच्या आधी मी आईला आणि पानकाकांना बोलावलं. मधली खुर्ची एक, माणसं दोन. "तुम्ही बसा भावजी." "छे, वहिनी, तुम्ही." "अहो, वाजवलंय तुम्ही." "म्हणूनच तर मला ऐकायचं नाही." शेवटी आई बसली आणि पानकाका तिच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

व्हायोलिनं उतरली. चेलो सुरू झाला. आईची मान वळली, आणि मग तिनं ती आणखी थोडी वळवली, आत. मला दिसलं की ती दोन्हीकडे बघते आहे. जिथून सूर येत होता तिथं, आणि त्याच्या अलीकडे जिथून काहीच येत नव्हतं तिथं. त्या जागेवरून भिंतीला शिवून परतलेला व्हायोलिनांचा मंद आवाज आरपार येत होता. बाबा बसलेले असते तर तो त्यांच्या अंगानं अडला असता.

"तुम्ही तिथं बसला नाहीत," ती म्हणाली.

"नाही वहिनी."

"बरं केलंत."

पानकाकांचा शेवटचा सूर आला, सरळ, लांब. मला वाटलं होतं तो ऐकताना आईला त्रास होईल. तिनं फक्त मागे हात नेला आणि खुर्चीच्या पाठीवरच्या त्यांच्या हातावर एकदा ठेवला. सूर विरला. सभागृह शांत झालं. मग शेवटचा भाग सुरू झाला, एकदम, सगळी वाद्यं एका दमात, आणि खोली काठोकाठ भरली.

"हा कधीचा?" आईनं विचारलं. तिला आवाज चढवावा लागला.

"पहिल्या दिवशीचा."

"म्हणजे ह्यात हे आहेत?"

"आहेत. सगळ्या चेलोंत मिळून आहेत. वेगळे नाही काढता येत."

"कशाला काढायचे वेगळे," ती म्हणाली, आणि पर्स खाली ठेवून खुर्चीत नीट मागे टेकून बसली.